टकळीपासून नकाशापर्यंत : शाळेतलं तंत्रज्ञान आणि मदतीच्या बाणाची दिशा



मागच्या वर्षी माझ्या संशोधन आराखड्याचं सादरीकरण होतं. विषय साधारण असा : शाळेतली मुलं वर्गातलं तंत्रज्ञान वापरून आपल्या ओळखीपाळखीच्या पलीकडच्या माणसांसाठी काम करतात आणि त्यातून शिकतात, याचा महाराष्ट्रातला इतिहास. वीस स्लाइड्स, तीन तक्ते, सगळं पाठ. एका स्लाइडवर मी 'दुर्गम भाग' म्हणून मुकुटबनचं नाव टाकलं होतं. समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तिथंच थांबवलं आणि विचारलं, "मुकुटबनच्या शाळेतली मुलगी तुमच्या या इतिहासात कुठे बसते? देणाऱ्यांत की घेणाऱ्यांत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी 'दोन्हींत' असं काहीतरी पुटपुटले आणि पुढची स्लाइड लावली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे कित्येक महिने मी जे वाचलं ते या एका प्रश्नासाठी. आजचा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब. तुमच्यातले बरेच जण पेट किंवा सेटची तयारी करताय, काहींचा आराखडा लिहून व्हायचाय. इतिहासाची पार्श्वभूमी नसलेल्यांना (मी स्वतः एम.एस्सी. करून शिक्षणाच्या संशोधनाकडे वळले) एखाद्या ऐतिहासिक प्रश्नाला हात कसा घालायचा, हेही यातून दिसावं अशी इच्छा आहे.

आधी गाव, मग शब्द

मुकुटबन यवतमाळ जिल्ह्यात, झरी-जामणी तालुक्यात. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं गाव. तेलंगणाची सीमा जवळ, त्यामुळे बाजारात मराठीबरोबर तेलुगूही कानावर पडते. आसपास गोंड आणि कोलाम वस्ती. कोलामांच्या वस्तीला इकडे 'पोड' म्हणतात. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेले समाज तीन : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. जमिनीखाली चुनखडी, वणी पट्ट्यात कोळसा. मुकुटबनला अलीकडच्या वर्षांत सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला. जमिनीवर कापूस. या जिल्ह्याचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते शेतकरी आत्महत्यांमुळे, किंवा २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले त्यामुळे. थोडक्यात, बाहेरच्या जगाच्या नोंदवहीत हे गाव कायम 'ज्याला मदत हवी' या रकान्यात.

आता शब्द. 'सेवाधारित शिक्षण' म्हणजे नुसतं श्रमदान नाही आणि नुसता वर्गही नाही. त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात : कोणाच्या तरी खऱ्या गरजेचं काम, त्या कामाचा अभ्यासक्रमाशी सांधा, आणि काम झाल्यावर 'आपण काय केलं, का केलं' याचा विचार. गावातली गटारं साफ केली आणि घरी गेलो, ही सेवा झाली. गटाराच्या पाण्याचा नमुना तपासला, आकडे ग्रामसभेत मांडले, गटार तिथेच का तुंबतं याची वर्गात चर्चा केली, तर ते सेवाधारित शिक्षण.

एवढी व्याख्या मला इतिहास लिहायला पुरली नाही. कारण व्याख्येत दिशा नव्हती. म्हणून मी प्रत्येक उदाहरणाला तीन प्रश्न विचारायचं ठरवलं. प्रश्न कोणाचा? हात कोणाचे? उपयोग कोणाला? भौतिकशास्त्रात सदिश राशीला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात. नुसतं परिमाण सांगून भागत नाही. 'इतक्या हजार मुलांनी भाग घेतला' हे परिमाण झालं. बाण कुठून कुठे जातो, हे वेगळं शोधावं लागतं.

१९३७ : हातात टकळी

वर्गातलं तंत्रज्ञान म्हटलं की आपण संगणकापासून सुरुवात करतो. ही सवय सोडून बघा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिकवणं, आणि सगळं शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफणं, असे ठराव झाले. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने डिसेंबरात अहवाल दिला आणि १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ही योजना उचलून धरली. हीच नई तालीम.

त्या वर्गातलं मुख्य यंत्र म्हणजे टकळी. स्वस्त, खिशात मावणारी, वीज न लागणारी. तिच्यावर सूत काढताना तार मोजायची, वेग काढायचा, म्हणजे गणित. कापूस कुठून येतो, कुठे जातो, म्हणजे भूगोल. परदेशी कापडाने इथल्या विणकरांचं काय झालं, म्हणजे इतिहास. कापसाच्या मुलखात हे शिक्षण जन्माला आलं हा योगायोग नाही.

पण आपले तीन प्रश्न लावा. हात मुलांचे होते. उपयोगाबद्दल मात्र पहिल्याच परिषदेत वाद झाला. मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, अशी कल्पना होती. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी तिथेच आक्षेप घेतले. खुद्द झाकिर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात धोका लिहून ठेवलाय : उत्पन्नाच्या बाजूवर भर पडून शिक्षणाचा हेतू मागे पडू शकतो.

हे वाक्य वाचताना मी थबकले. आज सुताच्या लडीच्या जागी फोटो आणि प्रमाणपत्र आलंय. काम किती झालं, अहवालात काय दाखवता येईल, याचा दबाव आला की शिकणं मागे पडतं, हा इशारा १९३७ सालचा आहे. संशोधनासाठी यातला धडा असा, की एखाद्या योजनेवरची सगळ्यात धारदार टीका अनेकदा तिच्या मूळ अहवालातच सापडते. विरोधकांची पुस्तकं नंतर वाचा. आधी मूळ अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचा.

१९३८ : सोलापूर आणि नागपूरहून चीनकडे

इथं एक छोटं वळण घेते, कारण याशिवाय 'जागतिक' हा शब्द नीट समजत नाही. आपल्याकडे एक समज पक्का आहे की आंतरराष्ट्रीय मदत श्रीमंत देशाकडून गरीब देशाकडे येते. १९३८ मध्ये आपण पारतंत्र्यात होतो. त्या वर्षी काँग्रेसने जपानी आक्रमण झेलणाऱ्या चीनसाठी पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. खर्चासाठी देशभर वर्गणी गोळा झाली. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला ते चीनमध्येच वारले. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.

हे शाळकरी मुलांचं उदाहरण नाही, हे मान्य. तरी ते इथे हवं. ज्याच्याकडे कमी आहे तोही देणारा असू शकतो, आणि हे आपल्याकडे घडून गेलंय, एवढं त्यातून सिद्ध होतं. सोलापूर जिल्हा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१९६९ : विद्यापीठ गावात येतं

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव आणि समाजसेवा शिक्षणाचा भाग करा, अशी शिफारस केली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तुमच्यातल्या बहुतेकांनी एनएसएसचं शिबिर केलंय. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, हे गणित आपल्याला पाठ आहे. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने शाळांसाठी 'समाजोपयोगी उत्पादक काम' सुचवलं. शाळेत आपण 'कार्यानुभव' म्हणून जो तास ओळखतो, ज्यात बहुतेक वेळा पुठ्ठ्याची फुलदाणी व्हायची, त्यामागे हा एवढा मोठा वैचारिक वारसा आहे.

बाण बघितला तर इथं एक बदल दिसतो. नई तालीममध्ये गावातलंच मूल गावात काम करत होतं. एनएसएसमध्ये कॉलेजचा विद्यार्थी गावाकडे जातो. काय काम करायचं हे बहुधा कॉलेजात ठरतं आणि गाव लाभार्थी होतं. यात वाईट हेतू कुठेच नाही. मीही शिबिरात शोषखड्डे खणलेत. पण आम्ही ज्या गावात गेलो, तिथल्या शाळेतली मुलं आमच्याकडे बघत उभी होती, एवढं आठवतं. त्यांच्या हातात फावडं द्यावं, असं आमच्यातल्या कोणालाही सुचलं नव्हतं.

१९८३ : पाबळ

माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात कमी वाचलं गेलेलं पान पाबळचं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे उद्योगक्षेत्रात संशोधन करणारे शास्त्रज्ञ. १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस हाताने काम करत स्वाभाविकपणे शिकतो, तसंच शाळेतही शिकावं, ही त्यांची धारणा. शाळा सोडलेली मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, आरोग्य असं सगळं करून शिकू लागली. त्यातूनच आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' म्हणजे आयबीटी हा विषय उभा राहिला आणि राज्याच्या अनेक शाळांत गेला.

त्यातली एक कल्पना फार महत्त्वाची आहे : शिकताना गावाला सेवा द्यायची. मुलं रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात, माती तपासायला शिकतात, तर ते कौशल्य वहीत कशाला ठेवायचं? गावात वापरा. चूक झाली तर समोरचा माणूस ओळखीचा आहे, तो लगेच विचारणार. परीक्षेतल्या परीक्षकापेक्षा हा परीक्षक कडक.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब आली. एमआयटीबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबांमध्ये तिची गणना होते. म्हणजे संगणकावर आराखडा काढून यंत्राने वस्तू बनवण्याची सोय शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यात. पण ती लॅब पोकळीत आली नाही. तिच्यामागे गावचा प्रश्न घेऊन हाताने काम करण्याची जवळजवळ वीस वर्षांची सवय होती. इथे प्रश्न गावाचा, हात गावातल्या मुलांचे, उपयोग गावाला. तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणी आली, असं मला या शोधात पहिल्यांदा इथे दिसलं.

संगणक आला आणि बाण फिरला

आता काळ जरा मागे घेते. १९८८ मध्ये शीतयुद्ध संपत आलेलं असताना न्यूयॉर्क राज्यातल्या १२ आणि मॉस्कोतल्या १२ शाळा संगणकाच्या जाळ्याने जोडल्या गेल्या. त्यातून पुढे 'आयअर्न' हे जागतिक शाळा-जाळं उभं राहिलं. त्याची अट साधी आहे : प्रत्येक प्रकल्पाने या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, की यातून पृथ्वीचं किंवा माणसांचं काय भलं होईल? म्हणजे वर्गातला संगणक आणि मानवसेवा यांची जोडी जगात तेव्हाच जमली होती. आणि त्यात दोन्ही बाजू बरोबरीच्या होत्या. मॉस्कोतली मुलं न्यूयॉर्कवाल्यांची लाभार्थी नव्हती.

आपल्याकडे संगणक गरीब मुलांपर्यंत आला तो वेगळ्या कथेसह. २६ जानेवारी १९९९ ला सुगता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला आणि मुलं आपापली शिकतात का ते पाहिलं. पुढे असे संगणक आपल्या सिंधुदुर्गातही बसले. २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या अमेरिकी मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत झाला. २००९ पासून 'ग्रॅनी क्लाउड' : ब्रिटनमधल्या आजीबाई, पुढे इतर देशांतलेही लोक, स्काइपवरून आपल्या मुलांना गोष्टी सांगू लागले. मित्रांना २०१३ चं टेड पारितोषिक मिळालं, त्यातून ज्या मोजक्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यातली एक फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत होती.

या प्रयोगांवर उलटसुलट खूप लिहिलं गेलंय. मुलं खरंच किती शिकली, शिक्षकाची गरज उरते का, वगैरे. मला त्या वादात आत्ता पडायचं नाहीये. मी फक्त बाण बघते. प्रश्न संशोधकाचा : मुलं आपोआप शिकतात का? देणारा दूरचा. घेणारं मूल इथलं. धनगरवाड्यातल्या मुलीकडे ब्रिटनमधल्या एकट्या राहणाऱ्या आजीला देण्यासारखं काही आहे का, हा प्रश्न प्रयोगाच्या आराखड्यात नव्हता. प्रत्यक्षात ती मुलं त्या आजींना बरंच काही देत असणार. आठवड्यातून एकदा कोणीतरी आपली वाट बघतंय, ही लहान गोष्ट नाही. पण ज्याचं मोजमाप ठरत नाही ते निष्कर्षात येत नाही. आराखड्यात जो रकाना नसतो, तो इतिहासातूनही गायब होतो. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवलंय.

पारितेवाडी

आता परत सोलापूर जिल्हा. माढा तालुक्यातल्या पारितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून कविता, व्हिडिओ, स्वाध्याय मुलांपर्यंत पोचवायचे, हे त्यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोड आले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून देण्याचं तिथेच जाहीर केलं.

आपल्या विषयासाठी क्यूआर कोडपेक्षा त्यांचे दुसरे दोन उपक्रम महत्त्वाचे. एक, घरातल्या साध्या साहित्यातून विज्ञानाचे प्रयोग दाखवत जगभरातल्या वर्गांना घडवलेली आभासी सहल. पुरस्काराच्या परिचयात ८३ देशांतल्या वर्गांचा उल्लेख आहे. इथे शिकवणारा सोलापूर जिल्ह्यातला आणि शिकणारे बाहेरचे. ग्रॅनी क्लाउडचा बाण बरोबर उलटा. दुसरा, 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स'. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराण-इराक अशा ताणलेल्या संबंधांच्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावायच्या आणि सहा आठवडे त्यांनी एकमेकांशी बोलायचं, एकमेकांना समजून घ्यायचं. इथे देणारा-घेणारा असा भेदच नाही. जे तयार होतं ते दोघांत मिळून.

आता संशोधक म्हणून दोन पावलं मागे या. या उपक्रमात १९ हजार मुलं सहभागी झाल्याचा आकडा पुरस्कार देणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या परिचयात आहे. तो स्रोत गौरवासाठी लिहिलेला आहे. याचा अर्थ तो खोटा आहे असा मुळीच नाही. पण तो सहभागाचा आकडा आहे, परिणामाचा नाही. सहा आठवडे बोलून झाल्यावर वर्षभराने त्या मुलाच्या मनात सीमेपलीकडच्या मुलाबद्दल काय उरलं, हे त्या आकड्यातून कळत नाही, आणि तो सांगतो असा दावा आपणही करायचा नाही. माझ्या पहिल्या आराखड्यात मी नेमका हाच घोळ केला होता. सहभागाचा आकडा मी 'फलित' या मथळ्याखाली लिहिला होता. गाइडनी लाल पेनने फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.

नकाशा : हैती, नेपाळ आणि नाव नसलेलं पोड

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. मदत पथकांकडे पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा धड नकाशा नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून चालणारा, कोणीही भर घालू शकेल असा मुक्त नकाशा. जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची नवी छायाचित्रं समोर ठेवून रस्ते, घरं, तंबूंच्या वसाहती त्यावर रेखाटल्या, आणि काही दिवसांत मदत पथकं तो नकाशा वापरू लागली. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात हेच हजारो लोकांनी केलं. काठमांडूतला स्थानिक गट आधीपासून नकाशा बनवत असल्याने तिथे काम जास्त नेटकं झालं. त्याच वर्षी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचं 'यूथमॅपर्स' हे जाळं सुरू झालं.

पद्धत समजून घ्या, कारण ती शाळेच्या संगणक कक्षातही चालते. नकाशाचा भाग छोट्या चौकोनांत पाडलेला असतो. एकाने एक चौकोन घ्यायचा, छायाचित्रात दिसणाऱ्या घरांच्या कडा आणि रस्ते रेखायचे, जतन करायचं. मग दुसरा, जास्त अनुभवी माणूस ते तपासतो. म्हणजे भूगोल, भूमिती आणि सहकर्मी-तपासणी, तिन्ही एका तासिकेत. आणि चौकोनात दिसणारं घर खरं असतं, त्यात माणसं राहतात.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडायला लागलं. उपग्रहातून घराचं छप्पर दिसतं. पोडाचं नाव दिसत नाही. पावसाळ्यात कोणत्या नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद होतो, कोणती हातपंपाची जागा उन्हाळ्यात कोरडी पडते, आशाताईंचं घर कोणतं, हे कोणत्याही परदेशी विद्यार्थ्याला छायाचित्रात दिसणार नाही. ते मुकुटबन परिसरातल्या सातवीच्या मुलीला माहीत आहे. दूरच्या हजार स्वयंसेवकांच्या कामाला जे एक ज्ञान कमी पडतं, ते तिच्याकडे आहे. आणि जी आज आपल्या पोडाचं नाव नकाशावर लिहायला शिकली, ती उद्या दुसऱ्या देशातल्या पूरग्रस्त गावातली घरं रेखू शकते. यंत्र तेच, कौशल्य तेच. त्यासाठी तिला श्रीमंत व्हावं लागत नाही.

पण थांबा. इथे मी स्वतःलाच एक प्रश्न विचारला आणि त्यामुळे माझा आराखडा पुन्हा बदलला. नकाशा कोणाकोणाला उपयोगी पडतो? मदत पथकाला पडतो, तसाच खाणीसाठी जमीन शोधणाऱ्यालाही. मुकुटबनसारख्या, खाली चुनखडी आणि वर कोलामांची पोडं असलेल्या भागात नकाशावर काय दाखवायचं हा निर्णय भाबडेपणाने घेता येणार नाही. देवस्थान दाखवायचं का? पाण्याचा झरा? ज्या जमिनीची कागदपत्रं अजून हातात नाहीत ती? हे मुलांनी, शिक्षकांनी किंवा माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या संशोधकाने ठरवायचं नाही. ते पोडाने ठरवायचं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. सहीचा कागद मराठीत असला म्हणजे झालं असं नाही. कोलामी बोलणाऱ्या आजोबांना तो कोलामीत समजावून सांगावा लागेल. पाबळच्या उदाहरणातून मी 'प्रश्न गावाचा' हा निकष घेतला होता. इथे त्याला एक जोड लागली : नाही म्हणायचा हक्कही गावाचा.

मग स्रोत कुठे शोधायचे?

तुम्ही असा विषय घेणार असाल तर तीन ठिकाणं सांगते. बहुतेक जण इंटरनेटवरच्या बातम्यांवर थांबतात.

पहिलं, शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर. रेडिओ कधी आला, टीव्ही कधी, संगणक किती, कोणत्या योजनेतून, आणि निर्लेखन कधी झालं, हे सगळं त्यात असतं. 'संगणक दिले' ही बातमी असते. 'संगणक बंद पडला' ही बातमी नसते, ती रजिस्टरात असते. दोन तारखांमधलं अंतर म्हणजे त्या यंत्राचं शाळेतलं आयुष्य. त्याच्या शेजारी वीजबिलाच्या पावत्या ठेवा. यंत्र होतं पण वीज होती का, हे लगेच कळतं.

दुसरं, शेरेबुक. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी आणि पाहुण्यांनी काय लिहिलं? त्यात 'मुलांनी' या कर्त्याने सुरू होणारी वाक्यं किती आणि 'मुलांना' ने सुरू होणारी किती, एवढं मोजलं तरी एक छोटं प्रकरण होईल. 'मुलांनी दाखवलं' आणि 'मुलांना वाटप केलं', या दोन वाक्यांत बाण उलटा आहे.

तिसरं, माजी विद्यार्थी. तोंडी इतिहास घेताना 'उपक्रम कसा होता?' असं विचारू नका. 'छान होता' एवढंच उत्तर येतं. 'त्या दिवशी तुझ्या हातात काय होतं?' असं विचारा. हातात माउस होता, की वहीत उतरवायला पेन्सिल, की काहीच नाही आणि तू मागे उभी होतीस? हातातल्या वस्तूची आठवण शब्दांपेक्षा जास्त टिकते.

अर्थात कागद बघण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. आणि रजिस्टर जसं होतं तसंच, त्याच कपाटात परत.

शेवटी, त्या प्रश्नाबद्दल

टकळीपासून नकाशापर्यंत जवळजवळ नव्वद वर्षं होतात. या काळात तंत्रज्ञान सरळ रेषेत पुढे गेलं, असं म्हणता येईल. बाण मात्र सरळ गेला नाही. तो १९३७ मध्ये गावातच होता, १९६९ मध्ये बाहेरून गावाकडे वळला, पाबळला परत गावात आला, संगणकाबरोबर पुन्हा बाहेरून आत आला आणि पारितेवाडीत उलटा फिरला. म्हणजे यंत्र नवं आलं की बाण आपोआप बदलतो असं नाही. बाण कोण आखतं यावर तो ठरतो. माझ्या प्रबंधाचं गृहीतक आता हे आहे. ते चुकीचंही ठरू शकतं. डेडस्टॉक रजिस्टरं अजून बरीच बघायचीयत.

पुढच्या महिन्यात माझं प्रगती सादरीकरण आहे. तेच प्राध्यापक असतील. मुकुटबनची स्लाइड मी काढली नाहीये, पण तिच्यावरचा 'दुर्गम भाग' हा शब्द खोडलाय. दुर्गम म्हणजे पोचायला अवघड; पण कुठून मोजून? पोडात राहणाऱ्या मुलीला तिचं घर दुर्गम नाही. तिच्या दृष्टीने दुर्गम आहे ते माझं विद्यापीठ.

तुमच्यासाठी एक काम देऊन थांबते. तुमच्या शाळेत किंवा गावात झालेला कोणताही एक 'उपक्रम' घ्या आणि तीन ओळी लिहा : प्रश्न कोणाचा, हात कोणाचे, उपयोग कोणाला. चौथी ओळ रिकामी सोडा, 'नाही कोण म्हणू शकत होतं?' यासाठी. ती भरता आली, तर तुमच्याकडे संशोधनाचा विषय तयार आहे. आणि भरता आली नाही, तर विषय आणखी मोठा आहे.